लस घ्यायला कचरणाऱ्यांना वेड्यात काढून काय साधलं?

कोविडच्या साथीत लशीबद्दल शंका काढणाऱ्या प्रत्येकाला सरसकट ‘लसविरोधक’ ठरवलं गेलं. त्याने नुकसानच झालं, असं माझं ठाम मत आहे. मी स्वतः लस घेतली, घरच्यांनाही घ्यायला लावली. पण ‘इतक्या लवकर लस आलीच कशी?’ या प्रश्नात गैर काय होतं? आणि त्याला चांगलं उत्तरही होतं. विषाणूची जनुकीय रचना जानेवारी २०२० मध्येच जाहीर झाली होती. त्याच कुळातल्या सार्स आणि मर्सच्या विषाणूंवर आधीच बरंच काम झालं होतं. चाचण्यांचे टप्पे एकापाठोपाठ न घेता काही अंशी एकाच वेळी चालवले आणि निकाल यायच्या आधीच उत्पादन सुरू केलं. लस फसली असती तर पैसा बुडाला असता, एवढंच. हे समजावून सांगायला कितीसा वेळ लागतो? त्याऐवजी लोकांनी ऐकलं ते ‘पूर्ण सुरक्षित आहे, घेऊन टाका’. मग मार्च २०२१ मध्ये रक्ताच्या गुठळ्यांच्या दुर्मिळ प्रकारामुळे युरोपातल्या अनेक देशांनी अ‍ॅस्ट्राझेनेकाची लस काही काळ थांबवली, तेव्हा कुंपणावर बसलेले लोक पलीकडे गेले.

प्रतिसाद १
अजिबात पटलं नाही. उत्तरं दिली जात होती, पण ऐकायचं कोणाला होतं? १९९८ मध्ये अवघ्या बारा मुलांवरच्या एका शोधनिबंधाने गोवराची लस आणि स्वमग्नता यांचा संबंध जोडला. तो २०१० मध्ये मागे घेतला गेला, तरी ती अफवा आजही फिरते. आमच्या ओळखीतले एक गृहस्थ, साठी उलटलेले, मधुमेह असलेले, ‘थोडं थांबून बघू’ म्हणत राहिले. मुलाने हातापाया पडून सांगितलं. शेवटी ऑक्सिजनवर असताना त्यांनीच डॉक्टरांना विचारलं, आता लस देता येईल का? साथीत थांबणं हासुद्धा निर्णयच असतो, आणि त्याचेही दुष्परिणाम असतात.

प्रतिसाद २
लस घ्यावी हे मान्य, सक्ती अमान्य. फायझरच्या मोठ्या चाचणीत मुख्यतः पाहिलं ते लक्षणं असलेला आजार टळतो का. संसर्ग पुढे पसरणं थांबतं का, हे नव्हे. तरी ‘दुसऱ्यांसाठी घ्या’ म्हणत लस न घेतलेल्यांना दारं बंद केली. ओमिक्रॉन आल्यावर लस घेतलेल्यांनाही सर्रास लागण झाली. गंभीर आजारापासून संरक्षण टिकलं, म्हणजे फायदा मुख्यतः घेणाऱ्याचाच. मग बळजबरी कशासाठी? ऑस्ट्रियाने फेब्रुवारी २०२२ मध्ये प्रौढांवर सक्तीचा कायदा आणला आणि पुढच्याच महिन्यात स्थगित केला.

प्रतिसाद ३
@प्रतिसाद २, फायदा फक्त घेणाऱ्याचा कसा? अतिदक्षता विभागातली खाट अडली की अपघातात सापडलेल्या माणसाला ती मिळत नाही. निदान रुग्णसेवेत असणाऱ्यांना तरी सक्ती हवीच.

धागाकर्ता
रुग्णसेवेपुरतं मान्य. पण @प्रतिसाद १, अफवा पसरवणारा आणि घाबरलेला माणूस यांना एकाच मापाने मोजू नका.

भीतीमागे कधी खरं कारणही असतं. प्लेगची लस तयार करणारे शास्त्रज्ञ हाफकिन यांनी १८९७ मध्ये ती आधी स्वतःला टोचून घेतली होती. तरी १९०२ मध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल गावी एकाच बाटलीतली लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने गेले. बूच काढायचा चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक केला नव्हता. दोष मात्र हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर आला. ते निर्दोष ठरायला १९०७ उजाडलं.

प्रतिसाद १
आणि त्या वर्षांत प्लेगने लाखो माणसं नेली! म्हणजे संशयाची किंमत किती, हेच तुम्ही सांगताय.

धागाकर्ता
संशयाची नव्हे, पाच वर्षं सत्य लोकांसमोर न आल्याची. याउलट, १९५५ मध्ये अमेरिकेत कटर कंपनीच्या पोलिओ लशीत जिवंत विषाणू राहिला, दहा जण दगावले, कित्येकांना कायमचं अपंगत्व आलं. ती लस लगेच परत मागवली, मोहीम काही काळ थांबवून कारखान्यांच्या तपासणीचे नियम कडक केले. लसीकरण त्याच वर्षी पुन्हा सुरू झालं आणि पालक मुलांना घेऊन आले.