भिंतीआडचे नळकाम वर्षानुवर्षे टिकावे यासाठी काय काळजी घ्यावी?

प्रश्न:
घराच्या भिंती उभ्या राहिल्या असून आता नळकाम सुरू होणार आहे. आधीच्या घरातला लोखंडी नळ भिंत फोडून काढला, तेव्हा गंज साचून त्यात जेमतेम पेन्सिल जाईल एवढीच वाट उरली होती. म्हणून या वेळी सीपीव्हीसी (एक प्रकारचे टणक प्लास्टिक) पाइप घेत आहे. पाइप चांगला घेतला म्हणजे पुरेसे आहे का?

प्रतिसाद १:
निवड योग्य आहे, कारण सीपीव्हीसी गंजत नाही आणि गरम पाणीही सोसतो. मात्र गळती बहुधा जोडातून सुरू होते, त्यामुळे भिंतीआड जोड कमीत कमी राहतील अशी मांडणी आधी कागदावर करून घ्या. पाइप कापल्यावर कडेची कुसळे खरवडून काढावीत, सॉल्व्हंट सिमेंट (पाइप जोडण्याचा चिकट द्रव) पाइपला आणि सॉकेटला (पाइप ज्यात बसतो त्या जोडाच्या तोंडाला) दोन्हीकडे लावावे, पाव फेरा देत पाइप आत बसवावा आणि अर्धा मिनिट दाबून धरावा. लगेच हात काढला तर तो हळूच मागे सरकतो. आट्यांच्या जोडांना टेफ्लॉन टेपच वापरावी, ताग आणि तैलरंग नको.

प्रतिसाद २:
गरम पाण्याच्या पाइपाबद्दल एक भर घालतो. १० मीटर लांबीचा सीपीव्हीसी पाइप ३० अंशांनी तापला की सुमारे २ सेंटीमीटर वाढतो. त्याला सिमेंटमध्ये घट्ट जखडले तर तो सगळा ताण कोपऱ्यातल्या एल्बोवर (वळणाच्या जोडावर) येतो, म्हणून क्लॅम्प (पाइप भिंतीला धरणाऱ्या पकडी) पाइपला सरकू देणारे असावेत.

प्रश्नकर्ता:
मनःपूर्वक आभार. ठेकेदार म्हणतात की टाकीचे पाणी सोडून पाहिले की चाचणी झाली. ते मान्य करावे का?

प्रतिसाद १:
कृपया मान्य करू नका. टाकी ३ मीटर उंच असेल तर जोडावर जेमतेम ०.३ बार दाब येतो आणि कच्चा जोडही तेवढा सहज पेलतो. जोडांचे सॉल्व्हंट सिमेंट पूर्ण सुकल्यावर पाइपातली हवा काढून दाब-चाचणीच्या हातपंपाने नेहमीच्या दाबाच्या दीडपट दाब द्यावा आणि दाबमापकाचा काटा खाली येतो का ते पाहावे. हे टाइल्स बसण्यापूर्वीच व्हायला हवे. त्याच दिवशी भिंतीला मोजपट्टी लावून प्रत्येक पाइपाचे छायाचित्र काढून ठेवा, म्हणजे पुढे खिळा ठोकताना पाइप नेमका कुठे आहे ते कळेल.