शब्द हवा : शुक्राणूंची 'मोटिलिटी'

मुक्ताई : गोपालकांसाठी गोठीत रेतावरची, म्हणजे वळूच्या गोठवलेल्या वीर्यावरची, पुस्तिका मराठीत करतेय. 'मोटिलिटी'ला 'गतिशीलता' लिहिलं होतं. 'गतिशीलता ५० टक्के' वाचून काकांनी विचारलं, "म्हणजे निम्म्या वेगानं पोहतात का?" दुसरा शब्द सुचवा.

रेतकांडी : काकांनी नेमकं बोट ठेवलंय. मोटिलिटी हा वेग नाही, ती मोजदाद आहे. १०० पैकी किती हलतात, एवढंच. त्यातही आम्हाला हवे असतात सरळ पुढे जाणारे. जागीच वळवळणारे किंवा गोल फिरणारे त्यात धरत नाहीत. कांडी, म्हणजे गोठीत रेत भरलेली बारीक नळी, ३७ अंशांच्या पाण्यात अर्धा मिनिट वितळवली की किमान ५० टक्के असे पुढे जाणारे लागतात. मी 'अग्रगामी चलनशीलता' लिहितो. 'पुरोगामी' टाळा, त्याला दुसराच अर्थ घट्ट चिकटलाय.

ताज्या रेताची गोष्ट वेगळी. थेंब पातळ न करता कमी ताकदीच्या भिंगाखाली धरला की एकेक शुक्राणू दिसतच नाही. दिसतात त्या लाटा, ढग दाटून यावेत तशा, मधे भोवरे. त्याला टक्के नाहीत, श्रेणी देतात. एकदा थंड काचपट्टीवर आमच्या उत्तम वळूचा थेंब निपचित पडलेला दिसला. पट्टी कोमट करून दुसरा थेंब घेतला, तर तोच माल उसळत होता! पहिल्या थेंबावरून नोंद केली असती, तर बिचाऱ्या वळूवर ठपका बसला असता.

शेळीवाला : आमचे डॉक्टर 'जंतू जिवंत आहेत' म्हणतात. तेच लिहा की ताई, सगळ्यांना कळतं.

रेतकांडी : दादा, तिथं घोटाळा होतो. इओसिन-निग्रोसिनच्या रंगात मेलेला शुक्राणू गुलाबी होतो, जिवंत पांढरा राहतो. पण जिवंत असूनही न हलणारे असतात, म्हणून दोन्ही शब्द वेगळे हवेत. 'वेग' हा शब्द संगणकी तपासणीसाठी राखून ठेवा. तिथं एकेका शुक्राणूचा माग काढून तो सेकंदाला किती मायक्रोमीटर गेला ते खरंच मोजतात.

मुक्ताई : मग मजकुरात लिहिते, 'कांडी वितळल्यावर १०० पैकी किमान ५० शुक्राणू सरळ पुढे पोहताना दिसावेत.' तक्त्यात 'अग्रगामी चलनशीलता'. आणि ताज्या थेंबाच्या रकान्याला 'सामूहिक हालचाल' की नुसतं 'लाटा'?

रेतकांडी : 'लाटा' लिहा. आमच्या वहीत तोच शब्द आहे.