जीर्ण तिरंगे आणि चरख्याचा एक जुना झेंडा : काय करावं?

नमस्कार मंडळी,

बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावात छोटं वाचनालय आहे. १५ ऑगस्ट, २६ जानेवारीला झेंडा लावायचं काम आधी माझे सासरे बघत, ते गेल्यापासून मी बघते. गेल्या महिन्यात माळ्यावरची लोखंडी ट्रंक खाली काढली तर आत नऊ तिरंगे निघाले. झेंडा विटला, फाटला की सासरे तो धुऊन, घडी घालून ट्रंकेत ठेवत. टाकवत नव्हता, आणि दुसरं काय करायचं हेही कुणी सांगितलेलं नसावं. सात खादीचे आहेत, दोन पॉलिस्टरचे, २०२२ च्या ‘हर घर तिरंगा’च्या वेळचे.

सगळ्यांच्या तळाशी, जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला, आणखी एक झेंडा आहे. वर पांढरा, मध्ये हिरवा, खाली लाल पट्टा आणि तिन्हींवर पसरलेला मोठा चरखा. पट्टे हातानं जोडलेत. एका कोपऱ्यावर गंजाचा डाग आहे आणि घडीच्या रेघेवर सूत इतकं विरलंय की पलीकडून बोट दिसतं. घरात सांगतात, सासऱ्यांचे आजोबा १९२४ साली बेळगावात टिळकवाडीला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली झालेल्या काँग्रेस अधिवेशनात, डॉ. हर्डीकरांच्या सेवादलात (काँग्रेसच्या स्वयंसेवक दलात) स्वयंसेवक होते. हा झेंडा तेव्हाचा असेल का?

नऊ तिरंग्यांचं काय करू? गल्लीतले जाणते म्हणतात मलप्रभेत सोड. पण पुढं कुठल्या काटेरी झुडपात अडकून लोंबत राहिला तर? जाळायचं म्हटलं की सासूबाई म्हणतात, “माझा हात धजणार नाही.” कुणाला नीट माहिती असेल तर सांगा.

प्रतिसाद

ताई, नदीत नकोच. ध्वजसंहितेत (२००२) स्पष्ट आहे : खराब झालेला झेंडा संपूर्णच नष्ट करावा, खाजगीत, शक्यतो जाळून किंवा त्याचा मान राहील अशा दुसऱ्या रीतीनं. तुकडे करायचे नाहीत, लोकांसमोर करायचं नाही. सासूबाईंना सांगा, आपण आपल्या माणसालाही अग्नीच देतो.

पॉलिस्टर मात्र जाळू नका. वितळून ठिबकतं, राखही नीट होत नाही. मी ते स्वच्छ पांढऱ्या कापडात गुंडाळून, पेटीत ठेवून, पायाखाली न येणाऱ्या जागी पुरले असते.

चरख्याच्या झेंड्याला हा नियम लावू नका. पांढरा-हिरवा-लाल हा क्रम १९२१ नंतरचा, गांधीजींच्या सूचनेवरून आलेला. १९३१ मध्ये काँग्रेसनं केशरी-पांढरा-हिरवा असा क्रम ठरवला आणि चरखा मधल्या पांढऱ्या पट्ट्यात आला. चक्र आलं ते २२ जुलै १९४७ ला, घटना समितीच्या ठरावानं. म्हणजे तुमचा नमुना १९३१ च्या आधीचा. अधिवेशनातलाच का, ते कापडावरून कळणार नाही. घरातली वयस्कर माणसं आहेत तोवर त्यांची आठवण लिहून घ्या.

धुवू नका, इस्त्री नको, गंजाच्या डागाला लिंबू तर अजिबात नको. घडी मोडा. जाड पुठ्ठ्याच्या नळीवर आधी स्वच्छ सुती कापड, मग त्यावर झेंडा सैल गुंडाळा, वरून परत सुती कापड. ट्रंकेत परत ठेवू नका आणि डांबराच्या गोळ्या कापडाला लागू देऊ नका. फ्रेम केलीत तर उन्हात टांगू नका, रंग उडून जाईल.

धागाकर्ती

मनापासून आभार. रविवारी पहाटे परसात सातही खादीचे झेंडे एकेक करून अग्नीला दिले. सासूबाई आधी आत बसून होत्या. तिसऱ्या झेंड्याला बाहेर आल्या आणि पुढचे चार त्यांनीच माझ्या हातात दिले, प्रत्येकाची घडी एकदा सरळ करून. राख परसातल्या चाफ्याच्या मुळाशी घातली. पॉलिस्टरचे दोन तिथंच शेजारी पुरले.

चरख्याचा झेंडा नळीवर गुंडाळून कपाटात ठेवलाय. माझ्या आतेसासूबाई नंदगडला असतात, वय ८८. त्यांनी आजोबांच्या तोंडून अधिवेशनाच्या गोष्टी ऐकल्यात. पुढच्या आठवड्यात वही घेऊन जाणार आहे.

आता नवा झेंडा खादीचाच घ्यायचा ठरलंय, हुबळीच्या बेंगेरीतून, तिथल्या खादी संघात मानकानुसार झेंडे तयार होतात. आमचा खांब साधारण १५ फुटी आहे. त्याला ९०० बाय ६०० मिलिमीटरचा पुरेल की १३५० बाय ९०० चा घेऊ? पावसाळ्यात इथं वारा फार असतो, म्हणून विचारते.