मदत हवी आहे: चायना इंटरनेट फंड ठेवावा की विकावा?

जर्सीकर:
2021 च्या सुरुवातीला घेतलेला चायना इंटरनेटचा फंड अजून खड्ड्यात आहे. सप्टेंबर 2024 ला उसळला तेव्हा वाटलं सुटलो, पण पुन्हा बसला. साइटवर बीटा कमी दिसतोय, म्हणजे रिस्क कमी धरायची का? याच आठवड्यात ठरवायचंय, प्लीज लवकर सांगा.

आकडेमोड:
कुठला फंड? एकूण पैशांच्या किती टक्के? 401के म्हणजे नोकरीतल्या निवृत्तीच्या खात्यात की साध्या खात्यात? हे पैसे कधी लागणार?

जर्सीकर:
केवेबच, दुसरा कुठला असणार! साधं ब्रोकरेज खातं.

आकडेमोड:
केवेब फेब्रुवारी 2021 मध्ये 100 डॉलरच्या वर होता, ऑक्टोबर 2022 मध्ये 20 च्या खाली. म्हणजे 80 टक्क्यांहून जास्त घसरण, आणि ती भरून निघायला तळापासून पाचपट व्हावं लागतं. बीटावर जाऊ नका. अमेरिकन बाजाराच्या जोडीने फंड किती हलतो, एवढंच तो सांगतो. जुलै 2021 मध्ये चीनने शालेय विषयांच्या शिकवण्यांतून नफा कमवायला मनाई केली, केवेब आपटला, आणि त्याच सुमारास अमेरिकन बाजाराचा एस अँड पी निर्देशांक उच्चांकावर होता. असे दिवस बीटा वाढवत नाहीत, उलट कमीच करतात. तुलना एमसीएचआय या सगळ्या चिनी बाजाराच्या फंडाशी करा. टेन्सेंट, अलीबाबा तिथेही आहेत, पण सोबत बँकाही आहेत. आणि परतावा डिव्हिडंड धरून बघा.

कातळशिल्प:
खरी रिस्क वेगळीच आहे. तुमच्या हातात अलीबाबाचा धंदा नाहीच! केमन बेटांवर नोंदलेल्या कंपनीचा शेअर आहे, आणि त्या कंपनीचे चीनमधल्या कंपनीशी फक्त करार आहेत. उद्या अमेरिकेने डिलिस्ट केलं, म्हणजे तिथल्या शेअर बाजारातून काढलं, की संपलं.

आकडेमोड:
करारांचा मुद्दा मान्य. डिलिस्टिंगचा नाही. चिनी कंपन्यांचं ऑडिट तपासू देत नाहीत म्हणून ती धमकी होती, पण डिसेंबर 2022 मध्ये अमेरिकन ऑडिट नियामकाला कागदपत्रं तपासायला मिळाली. शिवाय फंडाने बरेचसे शेअर अमेरिकेऐवजी हाँगकाँगच्या बाजारातले करून घेतलेत.

कातळशिल्प:
राजकारण बदललं की तपासणी पुन्हा अडेल. अलीबाबाशी जोडलेल्या आँट कंपनीचा आयपीओ चीनने नोव्हेंबर 2020 मध्ये दोन दिवस आधी थांबवला होता, विसरलात?

दादरवाला:
आमच्याकडे भारतात मिरे फंड हाउसचा हँगसेंग टेक हा हाँगकाँगच्या टेक शेअरचा ईटीएफ आहे. परदेशी गुंतवणुकीच्या मर्यादेमुळे नवीन युनिट अडतात, मग बाजारभाव एनएव्हीच्या, म्हणजे युनिटमागच्या खऱ्या किमतीच्या, वर जातो. घेण्याआधी आयएनएव्ही, म्हणजे दिवसभर दिसणारी अंदाजे एनएव्ही, बघाच.

आकडेमोड:
दादरवाला, ते अमेरिकेतून, न्यू जर्सीतून विचारतायत हो.

शेवंती:
तोट्यात विकलंत तर आधी इतर नफ्यातून वजा होईल, उरलेल्यातले वर्षाला 3000 डॉलरपर्यंत पगाराच्या उत्पन्नातून. बाकी पुढच्या वर्षांत. फक्त विकण्याच्या आधी-नंतर 30 दिवसांत तोच फंड घेऊ नका.

जर्सीकर:
धन्यवाद शेवंती, हे कामाचं आहे. मुलीची कॉलेजची फी पुढच्या वर्षी सुरू होतेय, त्यातलेच पैसे आहेत हे.

आकडेमोड:
अहो, हेच तर पहिल्यांदा विचारलं होतं! फीचे पैसे इथे नकोत. विका, तोटा करात दाखवा आणि रक्कम ट्रेझरी बिलात, म्हणजे अमेरिकन सरकारच्या अल्प मुदतीच्या रोख्यात, टाका.

कातळशिल्प:
बिलं कशाला? सोनं घ्या.