गर्भावरील रसायनांचा परिणाम: मात्रेबरोबर वेळही

कोणत्या मात्रेला रसायन विषारी ठरते हे कळले की सुरक्षित मर्यादा ठरवता येते, या मताला एक पुरवणी जोडावीशी वाटते, कारण गर्भाच्या बाबतीत वेळही तितकीच निर्णायक असते. पूर्वी गर्भवतींना मळमळीवर दिल्या जाणाऱ्या थॅलिडोमाइड या औषधाचेच पाहा: फलनानंतर साधारण २० ते ३६ दिवसांच्या अरुंद काळात हे औषध आईच्या पोटात गेले, तर बाळाचे हातपाय आखूड राहत, उंदरांत मात्र हे व्यंग दिसलेच नाही. असे का, हे केवळ विषारी मात्रा मोजून कधीच उलगडले नसते. हे औषध सेरेब्लॉन या प्रथिनाला चिकटते हे २०१० मध्ये समजले, आणि त्यामुळे अवयवांच्या घडणीला आवश्यक असलेले सॅल-४ हे प्रथिन माणसाच्या पेशींत नष्ट होते, उंदराच्या पेशींत टिकून राहते, हे २०१८ मध्ये स्पष्ट झाले.

म्हणूनच झेब्राफिश या छोट्या माशाच्या पारदर्शक भ्रूणात (सुमारे २४ तासांतच त्याचे हृदय धडधडताना सूक्ष्मदर्शकाखाली दिसते) कोणत्या टप्प्यावर काय बिघडते, हे पाहणे मला फार मोलाचे वाटते. अर्थात माशाला वार (आईकडून गर्भाला पोषण पुरवणारा अवयव) नसते. त्यामुळे आईच्या शरीरात रसायनाचे काय होते आणि त्यातले गर्भापर्यंत किती पोहोचते, हे स्वतंत्रपणे तपासावेच लागेल.