चुंबक फिरवला म्हणजे ताट फिरेलच असं नाही

दादा, स्पीकरचा गोल चुंबक ड्रिलला लावून फिरवला, तरी खाली टांगलेलं तांब्याचं ताट हललं नाही, असं तुम्ही लिहिलंय. त्यात तुमची चूक नाही. तो चुंबक जाडीच्या दिशेने चुंबकित असतो. स्वतःच्या अक्षाभोवती फिरला तरी ताटाला जाणवणारं क्षेत्र बदलतच नाही, मग भोवरप्रवाह (बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे धातूत गोल फिरणारे विद्युतप्रवाह, जे ताटाला ओढतात) कुठून येणार?

आता लाकडी चकतीवर दोन चुंबक कडेला लावा, एकाचा उत्तर ध्रुव खाली, दुसऱ्याचा दक्षिण. ताट मागून फिरू लागेल. मध्ये पुठ्ठा धरा, नाहीतर वाऱ्यानेच फिरेल आणि आपण उगाच खूश! फ्रेंच शास्त्रज्ञ अरागोने 1824 च्या सुमारास हेच उलटं पाहिलं होतं: चकती फिरवली, वरची चुंबकसुई ओढली गेली. असं का होतं, ते इंग्रज शास्त्रज्ञ फॅरेडेने पुढे सांगितलं.

आमच्या तासगावकडे द्राक्षबागेच्या विहिरीवरची मोटर याच तत्त्वावर चालते. तिच्यातलं चुंबकीय क्षेत्र मिनिटाला 3000 फेरे घेतं, रोटर (आतला फिरणारा भाग) मागून साधारण 2880. रोटरने क्षेत्राचा वेग गाठला की टॉर्क (फिरवणारा जोर) शून्य.

चुंबकाऐवजी विद्युतभारित चकती फिरवून दुसरी चकती चुंबकीय बलाने ओढायची, हे मात्र विसरा. 30 मीटर प्रतिसेकंद वेगाला चुंबकीय बल विद्युत बलाच्या शंभर लाख कोटींत एक भाग एवढंच!