होडी वेगात गेली की नाळ (पुढचं टोक) आपटते, इंजिनाचा पंखा बदलावा काय?

बेतीचो भुरगो:
नमस्कार मंडळी. १७ फुटी फायबर होडी आहे, मागे २५ एचपी टिलरवालं (हातातल्या दांड्याने वळवायचं) इंजिन, हल्लीच सेकंडहँड घेऊन बसवलंय. बेतीहून मिरामारच्या बाजूला जाताना पाणी सपाट असलं तरी अर्ध्याच्या वर थ्रॉटल दिला की नाळ वर-खाली वर-खाली आपटत राहते, वर होडी उजवीकडे ओढते, हात भरून येतो नुसता. जोरात वळवली की इंजिन किंचाळतं आणि होडी मात्र जागच्या जागी. मेकॅनिक म्हणतो पंखा बदल. बहुतेक एकटाच असतो, टाकी आणि बर्फाची पेटी मागे.

खारें वारें:
पंख्यावर पैसे घालू नकोस अजून. तू, टाकी, पेटी, इंजिन, सगळं वजन मागे, नाळ उडणार नाही तर काय? इंजिनाच्या क्लॅम्पजवळ आडवी पिन असते बघ, तिला चार-पाच भोकं असतात. इंजिन बंद करून पिन एक भोक होडीच्या बाजूला घे, मग नाळ खाली येते. टाकी-पेटी पुढे सरकव, पण पिन आणि वजन दोन्ही एकदम हलवू नको, नाहीतर कशाने फरक पडला कळणार नाही. आणि पिन फार आतही नको. नाळ पाण्यात घुसायला लागली आणि आग्वादच्या बाराजवळ (नदीच्या मुखावरच्या वाळूच्या उथळ पट्ट्याजवळ) मागून लाट आली तर होडी गर्रकन आडवी होते.

जुवारीकर:
वळताना किंचाळतं म्हणजे पंखा हवा खातोय. होडी काठावर असताना तळाला सरळ फळकूट लावून मागे धर, पंख्याच्या वरची आडवी प्लेट त्याच्या लेव्हलला किंवा जरा खाली पाहिजे. सरळ जातानाही इंजिन पळतं आणि होडी नाही, असं असेल तर गोष्ट वेगळी, पंख्यातला रबर बुश सरकत असेल. आतल्या नळीवर आणि बाहेरच्या भागावर मिळून पेंटची एक रेघ मार, फेरी मारून ये, रेघ तुटली की समजायचं.

बेतीचो भुरगो:
पिन एक भोक आत घेतली, आपटणं बरंच कमी. पेटी पुढे नेल्यावर तर जवळजवळ गेलंच. पण प्लेट तळापेक्षा दीड इंच वर निघाली!! आधीच्या मालकाने मागच्या फळीवर लाकडाची पट्टी ठोकलीय, तिच्यावर इंजिन बसलंय.

जुवारीकर:
मग काढ की ती पट्टी. क्लॅम्प घट्ट कर, बोल्टही मार, नुसत्या क्लॅम्पवर २५ एचपी ठेवायचं नाही.

खारें वारें:
उजवीकडची ओढ सगळ्यात शेवटी बघ, पिन हलली की ओढही बदलते. तरी राहिलीच तर प्लेटच्या खाली, पंख्याच्या मागे छोटा पंख आहे ना, त्याचा बोल्ट सैल करून मागची कड उजवीकडेच थोडीशी फिरव, म्हणजे ज्या बाजूला ओढते त्याच बाजूला. बरेच जण उलट करतात. त्याला रंग मात्र लावू नको, बऱ्याच इंजिनांत तो झिंकचा असतो, खाऱ्या पाण्यात इंजिनाच्या बदल्यात तो झिजायला ठेवलेला असतो. आणि ट्रायल घेताना किल स्विचची दोरी (ओढली गेली की इंजिन बंद पडतं) मनगटाला बांध रे, एकटा असतोस.

बेतीचो भुरगो:
दोरी आहे, तुटकी. आधी तीच आणतो, पट्टी रविवारी काढतो.